लेस्टरचे घर, होटगी रोडचा बंगला आणि एकच मृत्युपत्र

आपण विचारलेला प्रश्न सोलापुरातील अनेक कुटुंबांचा आहे. इतर वाचकांनाही उत्तर समजावे म्हणून आपली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. आपण १९९४ ते २०१२ अशी अठरा वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी केली. २००३ मध्ये लेस्टर येथे घर घेतले, काही वर्षे त्यात राहिलात आणि २०१२ मध्ये कायमचे सोलापूरला परतलात. ते घर आपल्या व पत्नीच्या संयुक्त नावावर असून सध्या भाड्याने दिलेले आहे. येथे होटगी रोडला स्वकष्टार्जित बंगला आहे आणि मोहोळ तालुक्यात थोडी शेती आहे. मुलगा सोलापुरातच टॉवेलचा कारखाना चालवतो, मुलगी अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन न्यू जर्सीत स्थायिक झाली आहे, आणि आपल्या मातोश्री हयात आहेत. आपण चार गोष्टी विचारल्या आहेत. सोलापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले एकच मृत्युपत्र दोन्ही देशांतील मालमत्तेला पुरेल का? भारतात वारसा कर नसताना मुलांना इंग्लंडमध्ये कर भरावा लागेल का? लेस्टरचे घर आताच मुलीला बक्षीस द्यावे का? आणि मुलीच्या आग्रहानुसार तिच्या न्यू जर्सीतील घरावर आपले नाव लावून घ्यावे का?

माझे मत असे की, एक मृत्युपत्र कायद्याने चालू शकते, पण आपण ते करू नये. आपण सांगितलेल्या परिस्थितीत इंग्लंडमधील वारसा कर बहुधा शून्य येईल, मात्र तो आपोआप शून्य होत नाही. बक्षीसपत्र करू नये. न्यू जर्सीच्या घरावर नाव तर मुळीच लावू नये. आता यामागील कारणे सांगतो.

भारतातही एके काळी मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर होता. १९५३ च्या संपदा शुल्क कायद्याचा कमाल दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना मार्च १९८५ पासून तो कर रद्द झाला. त्यामुळे आज आपल्या मुलाला बंगला वारशाने मिळाला तर त्याला त्या मिळण्यावर एक रुपयाही कर नाही, आणि परदेशातील घर वारशाने मिळाले तरीही भारत सरकार त्या मिळण्यावर कर घेत नाही. एवढे ऐकून लोक निर्धास्त होतात. परंतु ब्रिटिश वारसा कर हा वारसाकडून नव्हे, तर मृत व्यक्तीच्या संपत्तीतून वसूल होतो, आणि घर ब्रिटनच्या भूमीवर असेल तर मालक कोणत्या देशाचा नागरिक होता, कोठे राहत होता आणि कोठे मरण पावला, याला त्या घरापुरते काहीही महत्त्व राहत नाही. लेस्टरच्या घराचा मालक सोलापुरात वारला तरी ते घर ब्रिटिश कराच्या कक्षेतच असते.

जगभरातील संपत्तीवर ब्रिटनचा हात पोहोचतो का, हा वेगळा प्रश्न आहे. ६ एप्रिल २०२५ पासून त्याची कसोटी बदलली. आधी ‘डोमिसाइल’ म्हणजे कायमस्वरूपी घर कोणत्या देशात आहे ते पाहिले जाई. आता मागील वीस करवर्षांपैकी किमान दहा वर्षे ब्रिटनमध्ये रहिवासी असणाऱ्याची जगभरातील संपत्ती कराच्या कक्षेत येते, आणि देश सोडल्यावरही, तेथे किती वर्षे काढली त्यानुसार, तीन ते दहा वर्षे हे शेपूट मागे राहते. आपण २०१२ मध्ये परतलात, त्यामुळे होटगी रोडचा बंगला, येथील ठेवी आणि शेती यांचा ब्रिटिश कराशी आता संबंध नाही. आपल्यापुरता प्रश्न फक्त लेस्टरच्या घराचा आणि तेथे काही बँकखाती उरली असतील तर त्यांचा आहे.

त्या घराचा हिशेब असा. ब्रिटनमध्ये प्रत्येक व्यक्तीच्या संपत्तीतील पहिल्या ३,२५,००० पौंडांवर कर नाही. ही मर्यादा २००९ पासून तशीच आहे. घर स्वतःच्या मुलांना किंवा नातवंडांना दिले आणि मृत व्यक्ती त्या घरात कधी काळी प्रत्यक्ष राहिलेली असेल, तर त्यावर आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट मिळते. यावर उरणाऱ्या रकमेला ४० टक्के दराने कर लागतो. समजा, आज आपल्या घराची किंमत ३,६०,००० पौंड आहे. त्यातील आपला निम्मा हिस्सा १,८०,००० पौंडांचा होतो, म्हणजे तो पहिल्याच मर्यादेच्या आत बसतो. हेच घर एकट्याच्या नावावर असून पुतण्याला दिले असते, तर दुसरी सूट मिळाली नसती आणि ३५,००० पौंडांवर १४,००० पौंड कर झाला असता. लंडनमधील ९,००,००० पौंडांचे घर एकट्याच्या नावावर असेल आणि ते मुलांना दिले, तर दोन्ही सवलती धरूनही चार लाखांवर १,६०,००० पौंड भरावे लागतात. पतीकडून पत्नीकडे किंवा पत्नीकडून पतीकडे जाणारी संपत्ती सामान्यतः करमुक्त असते, आणि आधी गेलेल्याची न वापरलेली मर्यादा मागे राहिलेल्याच्या मर्यादेत मिळवता येते. एक अपवाद मात्र आहे. देणारा दीर्घकाळ ब्रिटनचा रहिवासी असेल आणि जोडीदार तसा नसेल, तर ही सूट ३,२५,००० पौंडांपुरतीच मिळते. आपल्याला ते लागू नाही, पण नवरा लंडनमध्ये आणि पत्नी सोलापुरात, अशी कुटुंबे येथे आहेत. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मृत्युपत्राच्या मसुद्याला हात लावण्यापूर्वी एक काम करा. इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीमधून त्या घराचा मालकी उतारा मागवा. तो ऑनलाइन मिळतो. आपण ‘घर संयुक्त नावावर आहे’ असे लिहिले आहे, पण इंग्लंडमध्ये संयुक्त मालकी दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिल्या प्रकारात, ज्याला तेथे ‘जॉइंट टेनन्ट्स’ म्हणतात, एक मालक वारला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो आणि मृत्युपत्रात काय लिहिले आहे ते कोणी विचारतही नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘टेनन्ट्स इन कॉमन’मध्ये, प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असतो आणि तो मृत्युपत्राने देता येतो. उताऱ्यावर ‘फॉर्म ए’ या नावाचा निर्बंध नोंदलेला असेल तर मालकी सहसा दुसऱ्या प्रकारची असते. नवरा-बायकोने गृहकर्ज काढून घेतलेली घरे बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात असतात. आपले घर तसे असेल आणि आपण सोलापूरच्या मृत्युपत्रात ‘लेस्टरच्या घरातील माझा निम्मा हिस्सा मुलीस द्यावा’ असे लिहिलेत, तर ते वाक्य निरर्थक ठरेल. घर पत्नीकडे जाईल आणि पुढे ते कोणाला जाईल हे पत्नीच्या मृत्युपत्रावर, किंवा ते नसल्यास इंग्लंडच्या कायद्यावर ठरेल. ही संयुक्त मालकी हयातीत लेखी नोटीस देऊन तोडता येते व हिस्से वेगळे करता येतात, पण ते मृत्यूनंतर करता येत नाही. म्हणून मृत्युपत्र दोघांनीही करणे आवश्यक आहे. आपण पत्रात फक्त स्वतःच्या मृत्युपत्राबद्दल विचारले आहे.

मृत्युपत्र न करता कोणी गेला तर काय होते, हेही पाहू. स्थावर मालमत्तेचा वारसा ती मालमत्ता ज्या देशात आहे त्या देशाच्या कायद्याने ठरतो, हे तत्त्व दोन्ही देशांत मानले जाते. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन घरांचे वारस निराळे ठरू शकतात. होटगी रोडच्या बंगल्याला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होईल आणि आई, पत्नी, मुलगा व मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळेल. मातोश्रींच्या नावे आलेला हा चौथा हिस्सा त्यांच्या पश्चात त्यांच्या सर्व वारसांकडे, म्हणजे आपल्या भावा-बहिणींच्या कुटुंबांकडेही जाऊ शकतो. एखाद्या बंगल्याच्या मिळकत पत्रिकेवर अकरा नावे येतात ती अशीच. लेस्टरच्या हिश्श्याला मात्र इंग्लंडचा कायदा लागू होईल, तेथे मुले असताना आईला काहीच मिळत नाही. पत्नीला घरातील वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग मिळतो, बाकी मुलांना. मातोश्रींची सोय करायची असेल तर ती मृत्युपत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे ती त्यांच्यापुरती आणि त्यांच्या हयातीपुरती ठेवता येते.

आता दोन मृत्युपत्रांविषयी. माझा सल्ला असा की, इंग्लंडमधील मालमत्तेसाठी तेथील वकिलाकडून इंग्रजीत एक आणि भारतातील मालमत्तेसाठी येथे मराठीत एक, अशी दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. इंग्लंडचे प्रोबेट कार्यालय, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा अधिकृत दाखला देणारे कार्यालय, मूळ मृत्युपत्र मागते. येथे वाद निर्माण झाला तर सोलापूरचे जिल्हा न्यायालयही मूळ प्रतच मागेल. एका कागदाला एका वेळी दोन देशांत हजर राहता येत नाही. एका देशात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत दाखवून दुसऱ्या देशात आदेश घेण्याची तरतूद आहे, आपल्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२८ मध्येही ती आहे, पण मग एका देशातले काम संपल्याशिवाय दुसऱ्या देशातले सुरूच होत नाही. मराठी मृत्युपत्र इंग्लंडला पाठवायचे तर प्रमाणित भाषांतरही लागते, आणि ‘माझ्या पश्चात सदर मिळकतीचा उपभोग पत्नीने घ्यावा’ यासारख्या वाक्यातून पत्नीला मालकी दिली की फक्त हयातीपुरता हक्क दिला, यावर तेथील वकील महिनोन्महिने पत्रव्यवहार करू शकतात. ब्रिटिश करात या दोन्ही अर्थांचे परिणाम वेगवेगळे होतात.

दोन मृत्युपत्रे केली की एक धोका मात्र नव्याने उभा राहतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान त्यामुळेच होते. आपल्याकडील दस्तलेखकांच्या जवळपास प्रत्येक मसुद्यात शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द समजावीत.’ एकाच देशात मालमत्ता असणाऱ्यासाठी ते वाक्य योग्य आणि आवश्यक आहे. आपण मात्र मार्चमध्ये इंग्लंडचे मृत्युपत्र केले आणि जूनमध्ये सोलापूरला हे वाक्य असलेल्या मृत्युपत्रावर सही केली, तर त्या एका ओळीने लेस्टरचे मृत्युपत्र रद्द होते. इंग्रजी मसुद्यांमध्येही असेच वाक्य असते, त्यामुळे उलट दिशेनेही हाच अपघात होतो. म्हणून प्रत्येक मृत्युपत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: हे मृत्युपत्र फक्त कोणत्या देशातील मालमत्तेपुरते आहे, दुसऱ्या देशासाठी अमुक तारखेचे स्वतंत्र मृत्युपत्र आहे आणि ते यामुळे रद्द होत नाही, आणि रद्द होतात ती फक्त या देशातील मालमत्तेपुरती आधीची मृत्युपत्रे. पाच वर्षांनी येथील मृत्युपत्र बदलाल तेव्हाही नव्या मसुद्यात हे वाक्य नीट आहे का ते पाहा, कारण तेव्हा मसुदा करणाऱ्याला लेस्टरचे घर ठाऊकच नसेल.

साक्षीदारांच्या बाबतीत दोन्ही देशांचे नियम जवळचे असले तरी सारखे नाहीत. आपल्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार दोन साक्षीदार लागतात, पण दोघांनी एकाच वेळी हजर असले पाहिजे अशी अट नाही. म्हणूनच ‘दुसरा साक्षीदार संध्याकाळी येऊन सही करेल’ असा प्रकार येथे चालतो. इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यानुसार मृत्युपत्र करणाऱ्याने दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करावी लागते, किंवा आधी केलेली सही त्या दोघांसमोर आपली म्हणून मान्य करावी लागते. जेथे सही झाली त्या ठिकाणच्या रीतीने केलेले मृत्युपत्रही इंग्लंडच्या १९६३ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये ग्राह्य धरले जाते, त्यामुळे सोलापुरात सही केलेला कागद केवळ त्या कारणाने बाद होणार नाही. तरीही दोन्ही साक्षीदारांना एकत्र बसवूनच सह्या घ्या, म्हणजे पुढे हा मुद्दा उपस्थितच होणार नाही. ज्याला काही मिळणार आहे ती व्यक्ती किंवा तिचा पती अथवा पत्नी साक्षीदार असू नये. इंग्लंडमध्ये अशा साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. सून किंवा जावई साक्षीदार म्हणून सोयीचे वाटतात, पण ती सोय महागात पडते.

नोंदणीबद्दल आपण विशेष विचारले आहे. भारतात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी करावी, कारण त्यामुळे सहीबद्दलचा वाद कमी होतो. पण नोंदणीमुळे मृत्युपत्रातील दोष दुरुस्त होत नाहीत, आणि इंग्लंडच्या प्रोबेट कार्यालयाला आपल्या नोंदणीच्या शिक्क्याचे विशेष महत्त्व नाही. सोसायटीतील नामांकन किंवा बँकेतील नॉमिनी म्हणजे वारस, हा समजही सोडून द्यावा. शेअर्सच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मुस्लिम वाचकांसाठी एवढेच सांगतो की, वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त संपत्ती देता येत नाही, आणि परदेशी घराच्या बाबतीत या मर्यादेचा मेळ त्या देशाच्या कायद्याशी कसा बसतो ते मसुद्याआधीच तपासून घ्यावे.

कर लागणार असेल तर तो कोणी आणि कधी भरायचा, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या महिन्यानंतरच्या सहाव्या महिन्याअखेर कर भरायचा असतो, त्यानंतर व्याज सुरू होते. घर विकायचे तर प्रोबेट लागते, आणि प्रोबेट मिळण्यापूर्वी कर, किंवा निदान त्याचा देय झालेला हप्ता, भरावा लागतो. म्हणजे घर विकून कर भरू, असे म्हणणाऱ्याची येथेच अडचण होते. घरावरील कर दहा वार्षिक हप्त्यांत भरण्याची सोय आहे, मात्र घर विकले की उरलेली रक्कम लगेच द्यावी लागते. मुलाने सोलापुरातून पैसे पाठवायचे ठरवले तर परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर ही मर्यादा आहे. कराचा बोजा कोणत्या मालमत्तेवर पडावा हे इंग्लंडच्या मृत्युपत्रात लिहा. नाही लिहिले तर घर एकाला मिळते आणि त्यावरचा कर उरलेल्या संपत्तीतून, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातून, जातो. सख्ख्या भावंडांत अबोला येण्यास एवढे कारण पुरते.

आता बक्षीसपत्राचा प्रश्न. ब्रिटनमध्ये बक्षीस दिल्यानंतर देणारा सात वर्षे जगला तर ती रक्कम वारसा कराच्या हिशेबातून बाहेर जाते. बक्षीस देऊन भाडे आपणच घेत राहिलात, तर घर दिलेच नाही असे समजले जाते. आपला वारसा कर आधीच शून्याच्या घरात असल्याने या सात वर्षांत मिळवण्यासारखे काही नाही, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. ब्रिटनमध्ये न राहणाऱ्या मालकाने तेथील निवासी घर दिले किंवा विकले तर एप्रिल २०१५ नंतरच्या वाढीवर तेथे भांडवली नफा कर लागतो, बक्षीस दिले तरी बाजारभाव धरला जातो आणि साठ दिवसांत विवरण द्यावे लागते. शिवाय मुलगी अमेरिकेची नागरिक असल्याने, हयातीत बक्षीस मिळालेले घर तिने पुढे विकले तर नफा मोजताना तिची खरेदी किंमत म्हणून आपली २००३ ची किंमत समजली जाईल. वारशाने मिळाले तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरला जातो. २००३ पासूनची सगळी वाढ तिच्या माथी मारण्याचे कारण मला दिसत नाही.

हाच मुद्दा मुलाच्या बाबतीत उलटा लागू होतो, आणि कोणते घर कोणाला द्यावे हे ठरवताना तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतीय आयकर कायद्यात वारशाने आलेल्या मालमत्तेची खरेदी किंमत म्हणजे ज्याने ती प्रत्यक्ष विकत घेतली त्याची किंमत. समजा, आपण घर १,२०,००० पौंडांना घेतले, आपल्या दोघांच्या पश्चात त्याची किंमत ३,६०,००० झाली आणि वारसांनी ते ३,७०,००० ला विकले. इंग्लंड मृत्यूसमयीची किंमत धरेल आणि नफा फक्त १०,००० पौंड मोजेल. भारतात राहणाऱ्या मुलाच्या हिश्श्यापुरता मात्र नफा १,२०,००० पासून मोजला जाईल. अडीच लाखांच्या नफ्यातील त्याचा निम्मा वाटा सव्वा लाख पौंड, त्यावर साडेबारा टक्के दराने सुमारे १५,६०० पौंड, आणि वर उपकर व लागू असल्यास अधिभार. इंग्लंडमध्ये जवळपास काहीच कर भरलेला नसल्याने वजावट मिळण्यासारखेही काही नसते. विक्रीच्या रकमेतून मुदतीत भारतात दुसरे घर घेतले तर सूट मिळू शकते, पण ज्याला कारखान्यासाठी पैसा हवा आहे त्याला त्याचा उपयोग नाही. मुलगी भारतात करासाठी रहिवासी नाही, त्यामुळे लेस्टरच्या विक्रीवर भारत तिच्याकडे काही मागत नाही, आणि अमेरिकाही मृत्यूसमयीची किंमत मान्य करते. म्हणून नात्यांमध्ये अडचण नसेल तर लेस्टरचे घर मुलीला व होटगी रोडचा बंगला मुलाला द्यावा आणि किमतीतील फरक ठेवींमधून भरून काढावा, असे मी सुचवीन. ‘दोघांना दोन्हीकडे निम्मे-निम्मे’ ही वाटणी ऐकायला न्याय्य वाटते, पण त्यात दोन देशांच्या कार्यालयांत दोघांनाही खेटे घालावे लागतात.

मुलीला येथील काही हिस्सा द्यायचाच असेल तर तीही अडचण नाही. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला, भारतातील शेतजमीनसुद्धा वारशाने मिळू शकते. ती विकत मात्र घेता येत नाही, आणि विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. वारशाने मिळालेल्या मालमत्तेच्या विक्रीची रक्कम एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या येथील रुपयांच्या खात्यातून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. परदेशी व्यक्तीकडून एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला तर तिला अमेरिकेत ‘फॉर्म ३५२०’ भरावा लागतो. त्यात कर नसतो, फक्त माहिती असते, पण न भरल्यास दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आपले नाव न्यू जर्सीच्या घरावर लावण्याच्या आग्रहामागे मुलीची माया आहे, हे मला दिसते. तरीही अमेरिकेचा कायदा माहीत असता तर तिनेच नको म्हटले असते. अमेरिकेचे नागरिक व तेथे कायम राहणारे यांच्यासाठी संघीय संपदा कराची सूट २०२६ पासून दीड कोटी डॉलर आहे. सोलापुरात राहणाऱ्या परकीयासाठी ती फक्त ६०,००० डॉलर आहे, आणि भारत-अमेरिका यांच्यात या कराबाबत करार नाही. समजा, आपल्या नावे ३,००,००० डॉलरचा स्वतंत्र हिस्सा झाला आणि आपण गेलात, तर सुमारे ७५,००० डॉलर कर होतो. त्यातून घराच्या कर्जाची वजावट मागायची तर सोलापूरच्या मालमत्तेसकट जगभरातील संपत्तीची यादी द्यावी लागते, आणि तरी वजावट प्रमाणशीरच मिळते. हिस्सा स्वतंत्र नसून मागे राहिलेल्याला मिळणारी संयुक्त मालकी असेल, तर घराचे सर्व पैसे मुलीनेच भरले होते हे तिला कागदोपत्री सिद्ध करावे लागते. नाही झाले तर पूर्ण घर आपल्या संपत्तीत धरले जाऊ शकते. नऊ महिन्यांत विवरण भरण्याचे काम तर आहेच.

जे ब्रिटनहून नुकतेच परतले आहेत आणि ज्यांच्यामागे अजून ब्रिटिश कराचे शेपूट आहे, त्यांच्यासाठी १९५६ चा भारत-ब्रिटन संपदा शुल्क करार उपयोगी पडतो. भारताने तो कर रद्द केला तरी ब्रिटनमध्ये हा करार अजून लागू आहे. मृत व्यक्तीचे डोमिसाइल भारतात असेल, तर ब्रिटनबाहेरील मालमत्तेवर ब्रिटन या करारामुळे कर घेत नाही. त्यात एक अट आहे: ती मालमत्ता ब्रिटनच्या कायद्याने चालणाऱ्या मृत्युपत्राने दिलेली नसावी. लंडनच्या वकिलाने सोयीसाठी ‘माझी जगभरातील सर्व संपत्ती’ असे लिहिलेले एकच इंग्रजी मृत्युपत्र केले, तर सोलापूरच्या बंगल्यावरील हे संरक्षण गमावण्याची वेळ येऊ शकते. भारतातील मालमत्तेसाठी भारतीय कायद्याखाली वेगळे मृत्युपत्र करण्याचे हे करविषयक कारण आहे.

दुबईत फ्लॅट असलेल्यांना वारसा कराची चिंता नाही, पण गैरमुस्लिम व्यक्तीने तेथे मृत्युपत्र केले नसेल तर २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार निम्मे जोडीदाराला व निम्मे मुलांना समान जाते. आखाती देशात वर्षानुवर्षे राहून येथे आई-वडिलांना पोसणाऱ्यांनी आई-वडिलांचा वाटा हवा असेल तर तेथे मृत्युपत्र नोंदवून घ्यावे. सिंगापूरने हा कर २००८ मध्ये रद्द केला आहे. जर्मनी आणि जपानमध्ये कर वारसाकडून घेतला जातो, त्यामुळे तेथे राहणाऱ्या मुलाला सोलापूरचे घर वारशाने मिळाले तरी तेथील कराचा विचार करावा लागतो.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती मृत्युपत्राइतकीच तातडीची आहे. भारतात रहिवासी असणाऱ्याने लेस्टरचे घर दरवर्षी आयकर विवरणाच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते, आणि त्याचे भाडे इंग्लंडमध्ये कर भरलेले असले तरी येथेही उत्पन्नात दाखवून तेथील कराची वजावट घ्यावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली वर्षाला दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून जी सवलत मिळाली ती स्थावर मालमत्तेला नाही. आपण परदेशात असताना घेतलेले घर परतल्यावरही ठेवण्याची परवानगी परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) ने दिलेली आहे, त्यामुळे घर ठेवण्यात काहीच गैर नाही. मागील वर्षांत ते दाखवले गेले नसेल तर मृत्युपत्रापूर्वी सनदी लेखापालांना भेटा, कारण न दाखवलेले घर मृत्युपत्रात लिहिले की त्याची नोंद आपणच तयार करून ठेवता, आणि पुढची उत्तरे मुलांना द्यावी लागतात.

दोन्ही मृत्युपत्रांच्या मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडण्यासाठी बँक वारसाहक्काचा कागद मागते आणि तो कागद लॉकरमध्येच असतो. इंग्लंडची मूळ प्रत तेथील वकिलाकडे ठेवा. सोलापूरची प्रत नोंदणी कायद्याच्या कलम ४२ नुसार मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. दोन्ही प्रती कोठे आहेत, घराच्या उताऱ्याचा क्रमांक, तेथील भाडे वसूल करणाऱ्या एजंटचे नाव आणि ब्रिटिश करदाता क्रमांक एवढे एका कागदावर लिहून तो कागद मुलगा आणि मुलगी या दोघांकडेही द्या.